फुटबॉल क्लबांचे अनपेक्षित पाठीराखे: खरे कोण आणि छायाचित्रापुरते कोण?

प्रश्न
भित्तिपत्रकवाला (लातूर)

सर्वांना सप्रेम नमस्कार. लातूरमध्ये आम्ही काही मित्र मिळून एक अभ्यासिका चालवतो. तिथे येणारी बहुतेक मुले ‘नीट’ची तयारी करणारी असल्यामुळे जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र यांखेरीज दिवसभर दुसरे काही कानावर पडत नाही, म्हणून जिन्याजवळच्या फलकावर दर महिन्याला एखाद्या वेगळ्याच विषयाचे भित्तिपत्रक लावण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे. या महिन्याचा विषय मुलांनीच निवडला: ज्यांचा फुटबॉलशी काही संबंध असेल असे कुणाच्या ध्यानीमनीही येणार नाही, अशा नामवंत व्यक्ती आणि त्यांचे क्लब.

विषय सोपा वाटला आणि तिथेच फसलो. एका हिंदी अभिनेत्याचे एका युरोपीय क्लबच्या जर्सीतले छायाचित्र सापडले, ते मी मोठ्या हौसेने अगदी मध्यभागी लावले. दुसऱ्याच दिवशी अकरावीतल्या एका मुलाने मला जिन्याशी थांबवले, कॉलरमागून डोकावणाऱ्या किमतीच्या चिठ्ठीवर बोट ठेवले आणि याच गृहस्थांनी आदल्या वर्षी त्या क्लबच्या हाडवैऱ्यांची जर्सी घालून जाहिरात केली होती, हेही नम्रपणे सांगितले. छायाचित्र काढून टाकले. फलकावर टाचण्यांची चार भोके तेवढी उरली आहेत.

तेव्हापासून इंटरनेटवरच्या याद्यांमधली निम्मी नावे मला याच जातीची वाटू लागली आहेत. उदाहरणार्थ, अमेरिकन अभिनेते टॉम हँक्स हे इंग्लंडमधल्या ॲस्टन व्हिला क्लबचे पाठीराखे असल्याचे सगळीकडे लिहिलेले असते. त्यांनी स्वतः सांगितलेले कारण एवढेच, की हे नाव कानाला गोड लागले, एखाद्या निवांत सुट्टीच्या ठिकाणाचे असावे तसे. प्रत्यक्षात हा क्लब बर्मिंगहॅमचा, म्हणजे कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहराचा. नाव आवडले म्हणून क्लब आपला झाला, याला पाठीराखा म्हणायचे काय? जाणकारांनी खात्रीची नावे सुचवावीत आणि खरा पाठीराखा ओळखण्याची काही खूण असेल तर तीही सांगावी, ही विनंती.

प्रतिसाद १
गोदाकाठ (नांदेड)

खूण एकच, आणि ती जुनी आहे: क्लबचे दिवस फिरलेले असताना माणूस कुठे होता ते पाहावे. मँचेस्टर सिटीचे पाठीराखे आज गल्लोगल्ली भेटतात, पण १९९८-९९ च्या हंगामात हाच क्लब इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता आणि ‘ओअॅसिस’ या बँडचे गॅलघर बंधू त्या दिवसांतही त्याचेच होते. ते मँचेस्टरचेच असल्यामुळे ‘अनपेक्षित’ या शब्दात बसत नाहीत, हे मान्य.

आपल्या फलकासाठी माझी शिफारस एल्टन जॉन यांची आहे. चमचमते चष्मे, पिसांचे पोशाख आणि पियानो यांमुळे ज्यांना जग ओळखते, तो गायक वॉटफर्ड नावाच्या एका लहानशा क्लबचा लहानपणापासूनचा पाठीराखा आहे. त्यांचे मूळ नाव रेजिनाल्ड ड्वाइट. फुटबॉल घरातच होता, कारण त्यांचे चुलतभाऊ रॉय ड्वाइट १९५९ च्या एफए कप या इंग्लंडमधल्या क्लबस्पर्धेच्या अंतिम सामन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळले, त्यांनी गोल केला आणि त्यानंतर थोड्याच वेळात पाय मोडून त्यांना मैदानाबाहेर न्यावे लागले. १९७६ मध्ये एल्टन जॉन वॉटफर्डचे अध्यक्ष झाले, तेव्हा क्लब चौथ्या श्रेणीत, म्हणजे त्या काळातल्या लीगच्या तळाच्या श्रेणीत होता. पुढच्या वर्षी त्यांनी ग्रॅहम टेलर यांना प्रशिक्षक नेमले, १९८२ मध्ये वॉटफर्ड पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि तिथल्या पहिल्याच हंगामात लिव्हरपूलच्या मागोमाग दुसरा आला.

आता यातली पाहण्याजोगी गोष्ट. १९८४ मध्ये वॉटफर्ड एफए कपच्या अंतिम सामन्यात पोहोचला. या सामन्याआधी लंडनच्या वेम्बली मैदानावर एक प्रार्थनागीत गायले जाते. ते चालू असताना कॅमेरा एल्टन जॉन यांच्याकडे वळला, तर हजारो लोकांपुढे सहज गाणारा हा माणूस गाता गाता रडत होता. सामना एव्हर्टनने २-० असा जिंकला. मधल्या काळात त्यांनी क्लबची मालकी सोडली होती, १९९७ मध्ये ती पुन्हा घेतली. २०१४ मध्ये तिथल्या एका स्टँडला त्यांचे नाव दिले गेले. जर्सीची चिठ्ठी तपासण्याची इथे गरज पडू नये.

प्रतिसाद २
शंकेखोर (जालना)

गोदाकाठ सरांचा आदर राखून एक हरकत नोंदवतो. मालक आणि पाठीराखा ही दोन वेगळी नाती आहेत आणि हल्लीच्या याद्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकलहेनी या अभिनेत्यांनी २०२१ मध्ये वेल्समधला रेक्सहॅम क्लब ताब्यात घेतला. १८६४ मध्ये स्थापन झालेला हा क्लब तेव्हा पाचव्या श्रेणीत होता आणि २०२३, २०२४ व २०२५ अशी सलग तीन वर्षे वर चढत तो दुसऱ्या श्रेणीत आला. कौतुक आहेच, पण विकत घेण्यापूर्वी या दोघांचा त्या गावाशी काही संबंध नव्हता. बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स यांचा २०११ पासून लिव्हरपूलमध्ये हिस्सा आहे, रॅप गायक स्नूप डॉग २०२५ मध्ये स्वॉन्सीचे सहमालक झाले. आपल्याकडच्या इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेतली क्रिकेटपटू आणि अभिनेत्यांची नावेही याच खात्यात टाकावी लागतील. एल्टन जॉन यांचे प्रेम आधीचे आणि पैसा नंतरचा, म्हणून त्यांना मी सूट देतो.

भित्तिपत्रकात एक कोपरा ‘नसलेल्या पाठीराख्यां’साठीही ठेवावा, असे सुचवतो. त्यासाठी दोन नावे अगदी खात्रीची आहेत.

पहिले मायकल जॅक्सन. एप्रिल १९९९ मध्ये ते लंडनच्या फुलहॅम क्लबचा विगनविरुद्धचा सामना पाहायला गेले, कारण क्लबचे मालक मोहम्मद अल-फायद त्यांचे मित्र होते. त्या एका भेटीच्या बळावर अल-फायद यांनी २०११ मध्ये मैदानाबाहेर जॅक्सन यांचा पुतळा उभारला. पुढे क्लब शाहिद खान यांनी घेतला, २०१३ मध्ये पुतळा हलवला गेला आणि २०१४ मध्ये फुलहॅम खालच्या श्रेणीत घसरला. अल-फायद यांनी त्याचे खापर पुतळा हलवण्यावर फोडले! गावचा मारुती हलवला म्हणून पाऊस गेला असे म्हणणारे आपल्याकडेच असतात असे नाही.

दुसरे ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन. आपण ॲस्टन व्हिलाचे पाठीराखे आहोत, असे ते अनेक वर्षे सांगत असत. त्यांचे एक नातेवाईक त्या क्लबचे अध्यक्षही होते. एप्रिल २०१५ मध्ये निवडणुकीच्या प्रचारात भाषण करताना मात्र श्रोत्यांनी लंडनच्या वेस्ट हॅम क्लबला पाठिंबा द्यावा, असे ते बोलून गेले. दोन्ही क्लबांच्या जर्सीचे रंग जवळजवळ सारखे, लालसर-किरमिजी आणि फिका निळा. आपण बोलण्याच्या ओघात चुकलो, असा खुलासा त्यांनी केला. माणूस सासूचे नाव विसरेल, पण क्लबचे विसरणार नाही, असे माझे मत आहे.

प्रतिसाद ३
आमखासचा गोलरक्षक (छत्रपती संभाजीनगर)

आमखास मैदानावर मी पंधरा वर्षे गोल सांभाळला, त्यामुळे या चर्चेत लिहिण्याचा थोडा अधिकार समजतो. माझे नाव ऐकून कदाचित हसाल: दिवंगत पोप फ्रान्सिस.

त्यांचा क्लब ब्युनोस आयर्समधला सॅन लोरेन्झो. या क्लबचा जन्मच एका धर्मगुरूच्या अंगणात झालेला आहे. रस्त्यात खेळणाऱ्या मुलांपैकी एकजण ट्रामखाली येता येता वाचला, तेव्हा लोरेन्झो मासा नावाच्या पाद्र्यांनी त्या पोरांना चर्चच्या आवारात खेळायची मुभा दिली आणि त्यातून १९०८ मध्ये क्लब उभा राहिला. पाद्र्यांच्या काळ्या झग्यावरून त्याच्या पाठीराख्यांना ‘कावळे’ म्हणतात, म्हणजे पोपही कावळाच. १९३६ मध्ये जन्मलेल्या या मुलाने १९४६ चा विजेता संघ मैदानात जाऊन पाहिला होता आणि त्यातल्या रेने पोन्तोनी या खेळाडूचा एक गोल त्यांना म्हातारपणीही आठवत असे. दहाव्या वर्षी पाहिलेला गोल ज्याला सत्तर वर्षे पुरतो, त्याला पाठीराखा नाही म्हणायचे तर कुणाला म्हणायचे?

क्लबचे दिवस त्यांनी सर्व प्रकारचे पाहिले. जुने मैदान १९७९ मध्ये गेले, पुढे त्या जागी सुपरमार्केट उभे राहिले, १९८१ मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला. २०१४ मध्ये सॅन लोरेन्झोने दक्षिण अमेरिकेतली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, कोपा लिबर्तादोरेस, पहिल्यांदा जिंकली, तेव्हा खेळाडू आणि पदाधिकारी ती ट्रॉफी घेऊन थेट व्हॅटिकनला गेले.

मला सर्वांत भावलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. १९९० मध्ये त्यांनी टीव्ही न पाहण्याचे व्रत घेतले आणि ते शेवटपर्यंत पाळले. मग सामन्यांचे निकाल कसे कळायचे? व्हॅटिकनच्या स्विस रक्षकांपैकी एकजण दर आठवड्याला निकाल आणि गुणतक्ता कागदावर लिहून त्यांच्याकडे ठेवत असे. हे त्यांनीच मुलाखतीत सांगितले आहे. मी लहान असताना आमच्या घरी टीव्ही नव्हता. मोंढ्यातून परतताना वडील पानटपरीवर क्रिकेटचा स्कोअर विचारून मागच्या पाकिटावर लिहून आणत, ते मला या ठिकाणी आठवल्याशिवाय राहिले नाही.

अजून एक योगायोग, मुलांना आवडेल म्हणून लिहितो. त्यांच्या सदस्यत्वाचा क्रमांक ८८२३५ होता. २१ एप्रिल २०२५ रोजी ते वारले, तेव्हा त्यांचे वय ८८ होते आणि ब्युनोस आयर्सच्या घड्याळात पहाटेचे २ वाजून ३५ मिनिटे झाली होती. शंकेखोर साहेबांनी यावर मारुतीचा दाखला देऊ नये, आकडे आकडेच आहेत.

प्रतिसाद ४
ग्रामोफोन (परभणी)

सगळी चर्चा सातासमुद्रापार चालली आहे, म्हणून एक घरचे नाव सुचवतो. सचिनदेव बर्मन यांची गाणी आपण सगळे आयुष्यभर ऐकत आलो, पण ते कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबचे निस्सीम पाठीराखे होते, हे आमच्या रसिक मंडळातही फारसे कुणाला ठाऊक नव्हते. कारण मात्र सरळ आहे. त्यांचा जन्म १९०६ मध्ये कोमिल्ला येथे, म्हणजे पूर्व बंगालात झाला, आणि १९२० मध्ये स्थापन झालेला हा क्लब पूर्वेकडून आलेल्या लोकांचा मानला जातो. मुंबईत तीसेक वर्षे काढूनही त्यांनी कोलकात्यातल्याच प्रतिस्पर्धी मोहन बागान क्लबकडे पाहिले नाही.

१९७५ मध्ये ‘मिली’ या चित्रपटाच्या गाण्यांचे काम चालू असताना ते आजारी पडले आणि कोमात गेले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला आयएफए शील्ड या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे हरवले. राहुलदेव बर्मन यांनी वडिलांच्या कानाशी वाकून हा निकाल सांगितला आणि बेशुद्धावस्थेतल्या बर्मनदांनी क्षणभर डोळे उघडले, अशी हकीकत चित्रपटसंगीताच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. ३१ ऑक्टोबरला ते गेले. सामना, निकाल आणि तारखा पक्क्या आहेत. डोळे उघडल्याची गोष्ट ऐकीव आहे, ती फलकावर ‘असे सांगतात’ या शब्दांसह लिहावी.

संगीतातलीच आणखी दोन नावे थोडक्यात. रशियन संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच हे लेनिनग्राडच्या फुटबॉलचे, विशेषतः झेनित क्लबचे वेडे होते आणि सामन्यांच्या निकालांच्या नोंदी ते स्वतःच्या हाताने वहीत ठेवत. १९३० मध्ये रंगमंचावर आलेले त्यांचे एक बॅले तर परदेशात गेलेल्या सोव्हिएत फुटबॉल संघावरच आहे. दुसरे ऑपेरा गायक प्लासिडो डोमिंगो: ते रिआल माद्रिदचे, इतके की २००२ मध्ये क्लबच्या शताब्दीचे गीत त्यांनीच गायले. १९९० मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी रोममध्ये त्यांच्या शेजारी उभे राहून गाणारे होझे कारेरास मात्र बार्सिलोनाचे. एका सुरात गायले, एवढेच त्यांचे उपकार.

प्रतिसाद ५
अंबाजोगाईची मृणाल

ग्रामोफोन काकांचे लेखन वाचून फार आनंद झाला, परंतु मूळ प्रश्न टॉम हँक्स यांचा होता आणि त्यांच्या बाजूने कुणीच बोललेले नाही, म्हणून लिहिते.

वारसा, गाव, आजोबांचा हात धरून पाहिलेला पहिला सामना, या सगळ्या गोष्टी ज्यांच्या नशिबी असतात त्यांच्या असोत. माझा धाकटा भाऊ बारा वर्षांपासून लिव्हरपूलचा पाठीराखा आहे, कारण सातवीत असताना मामाने बीडच्या आठवडी बाजारातून त्याच्यासाठी आणलेला टी-शर्ट योगायोगाने लाल होता आणि त्यावर त्या क्लबच्या चिन्हातला पक्षी होता. निवड एवढ्यावरच झाली. त्यानंतर रात्री साडेबारा-दीडला सुरू होणारे युरोपातले सामने, ऐन वेळी जाणारी वीज, मोबाईलच्या उरलेल्या बॅटरीवर पाहिलेला उत्तरार्ध आणि पराभवाच्या दुसऱ्या दिवशी न जेवता कॉलेजला जाणे, हे सर्व त्याने केलेले आहे. मराठवाड्यातला युरोपीय क्लबचा प्रत्येक पाठीराखा एका अर्थी टॉम हँक्सच आहे. सुरुवात कशी झाली याला महत्त्व द्यायचे, तर आपल्यापैकी कुणीच उरणार नाही. हँक्स यांनी नाव आवडले म्हणून सुरुवात केली, पण पुढे जास्त बलाढ्य क्लब समोर असताना ते तिकडे गेले नाहीत. २०१६ मध्ये व्हिला खालच्या श्रेणीत गेला आणि तीन हंगाम तिथेच राहिला, तरी त्यांचा क्लब तोच राहिला.

याच क्लबचे दुसरे प्रसिद्ध पाठीराखे प्रिन्स विल्यम. त्यांनीही वारशाने नव्हे तर विचारपूर्वक निवड केली, कारण शाळेतले मित्र मँचेस्टर युनायटेड किंवा चेल्सीचे होते आणि त्यांना गुणतक्त्याच्या मधल्या भागातला, ज्याच्या निकालाची धाकधूक वाटेल असा संघ हवा होता. टेनिसपटू राफाएल नदाल यांचे तर आणखी विचित्र. त्यांचे सख्खे काका मिगेल आंखेल नदाल आठ वर्षे बार्सिलोनाकडून खेळले आणि पुतण्या रिआल माद्रिदचा! घरचा वारसा असा डावलता येतो.

शंकेखोर दादांच्या मालकांविषयीच्या मुद्द्यावर एक नाव देते. डेलिया स्मिथ या ब्रिटनमधल्या अतिशय प्रसिद्ध पाककृती-लेखिका. त्या आणि त्यांचे पती नॉर्विच सिटीचे सामने हंगामाचे तिकीट काढून पाहत असत, आणि १९९६ मध्ये त्या क्लबच्या संचालक मंडळावर आल्या. फेब्रुवारी २००५ मध्ये घरच्या मैदानावर मँचेस्टर सिटीविरुद्ध नॉर्विच २-० ने पुढे होता, मध्यंतरापर्यंत २-२ अशी बरोबरी झाली आणि प्रेक्षक गार पडले. तेव्हा या बाई हातात माइक घेऊन मैदानात उतरल्या आणि तुम्ही आहात तरी कुठे, असे स्वतःच्याच प्रेक्षकांना ओरडून विचारू लागल्या. शेगडीवरची आमटी कशी मंद आचेवर ठेवावी हे शांतपणे शिकवणारी बाई अशी ओरडताना पाहून सारा देश थक्क झाला. शेवटच्या क्षणी गोल खाऊन नॉर्विच ३-२ ने हरला. टीव्हीवर त्यांची पुष्कळ थट्टा झाली, तरी त्या क्लब सोडून गेल्या नाहीत.

प्रतिसाद ६
गोदाकाठ (नांदेड)

मृणालताईंचा मुद्दा पटला. तिकडच्या क्लबांपुरता मी माझा आग्रह मागे घेतो. फक्त आपल्याकडे फुटबॉलचा वारसा नाही, असा त्याचा अर्थ मुलांनी घेऊ नये. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद राज्यात होते आणि हैदराबाद सिटी पोलीस हा त्या काळातला देशातल्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक होता. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे त्यांनी मुंबईत जाऊन रोव्हर्स चषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक विजेता ठरला. माझे वडील तेव्हा हैदराबादला शिकत. पुढे नांदेडला नोकरीला लागल्यावरही ‘आपली टीम’ म्हणजे पोलिसांची टीम, हा शब्दप्रयोग त्यांनी कधी बदलला नाही. प्रसिद्ध नव्हते, म्हणून आपल्या फलकासाठी ते चालणार नाहीत.

प्रतिसाद ७
भित्तिपत्रकवाला (लातूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका प्रश्नाला इतकी उत्तरे येतील असे वाटले नव्हते. शनिवारी रात्री मुलांसोबत बसून आराखडा केला, तो असा: टाचण्यांची भोके असलेल्या मधल्या जागेत पोप फ्रान्सिस आणि तो निकालांचा कागद, डावीकडे रडणारे एल्टन जॉन, उजवीकडे बर्मनदा, ‘असे सांगतात’ या शब्दांसह. खाली हँक्स, डेलिया स्मिथ आणि नदाल. शोस्ताकोविच यांचे नाव नीट उच्चारता येईना म्हणून मुलांनी आधी विरोध केला, पण ते निकालांची वही ठेवत हे कळल्यावर एकीने आपली तशीच वही दप्तरातून काढून दाखवली आणि विरोध मावळला. मायकल जॅक्सन यांचा पुतळा आणि कॅमेरॉन यांची चूक एका वेगळ्या पट्टीवर जाणार आहे. त्या पट्टीत आमचा आधीचा अभिनेताही घ्यावा, असा अकरावीतल्या त्या मुलाचा आग्रह आहे. मी अजून होकार दिलेला नाही.

गोदाकाठ सरांना एक विनंती. वडिलांजवळ हैदराबादच्या त्या दिवसांतले एखादे तिकीट, कात्रण किंवा छायाचित्र असेल, तर त्याची प्रत पाठवावी. प्रसिद्ध नसले तरी फलकाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एका पोस्टकार्डाएवढी जागा आम्ही मोकळी ठेवली आहे.